गाडी घेतेस ना, मग आधी हे ऐक

अगं बाय, तू पाठवलेले फोटो पाहिले. एक लालभडक, दोन दारांची, रस्त्याला चिकटून बसलेली सेकंडहँड स्पोर्ट्स कार. दुसरी चार दारांची, पांढरी, साधी सेडान. 'ताई, तूच सांग' असं लिहिलंयस खरं, पण लाल गाडीचे फोटो आतून-बाहेरून, पुढून-मागून सगळे आणि पांढरीचा एकच. तुझं मन कुठे अडकलंय ते मला कळलं.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की त्या ओढीबद्दल मनात अपराधी वाटून घेऊ नकोस. धाकटी डहाणूच्या मांगेला घरातली मुलगी पुण्यात नोकरी करते आणि स्वतःच्या पगारातून गाडी घेते, याचा मला फार अभिमान वाटतो. 'पोरीला कशाला हवी एवढी पळणारी गाडी' असं कोणी म्हटलं, तर ते कानाआड कर. वेग आवडणं हा काही पोरांचाच मक्ता नाही. मी आज तुला जे सांगणार आहे, ते तू मुलगी आहेस म्हणून नाही. ती गाडी कुठल्या रस्त्यावर धावणार आणि तिच्यात कोण बसणार, हे मला माहीत आहे म्हणून सांगते.

गाडी तुला कशासाठी हवीय? पुण्यातल्या पुण्यात फिरायला नाही. शुक्रवारी ऑफिस सुटलं की घरी यायला आणि रविवारी परत जायला. म्हणजे एका बाजूने अडीचशे किलोमीटरच्या वर. तो रस्ता एकदा डोळ्यांसमोर आण. द्रुतगती मार्गावर कारला सपाटीला ताशी 100 आणि घाटात 60 ची मर्यादा. पुढे ठाणे, घोडबंदर, वसईच्या खाडीवरचा पूल, तिथली नेहमीची कोंडी. मग अहमदाबाद हायवे, मनोर, चारोटी नाका. तिथून पश्चिमेला वळलं की गंजाड, आशागड, डहाणू आणि खाडीपलीकडे आपलं गाव. आता सांग, यातल्या किती भागात ती लाल गाडी तिच्या ताकदीनिशी पळू शकेल? जिथे रस्ता मोकळा मिळेल तिथे कायद्याची मर्यादा आड येणार आणि जिथे मर्यादा आड येत नाही तिथे ट्रेलर आड येणार.

वेगाचा हिशेबही करून बघ. शंभर किलोमीटर तू ताशी 80 ने गेलीस तर सव्वा तास लागतो, 100 ने गेलीस तर एक तास. वाचली पंधरा मिनिटं, तीही रस्ता रिकामा असेल तर. पण 80 वरून 100 वर गेलं की गाडीत साठलेली ऊर्जा दीडपटीहून जास्त होते आणि ब्रेक लावल्यावर ती सगळी तिथल्या तिथे जिरवावी लागते. केंद्र सरकारच्या 2022 च्या अहवालात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेल्याची नोंद आहे, आणि त्यातले 70 टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खाती आहेत. आईनं पोळ्या झाकून ठेवलेल्याच असतात. पंधरा मिनिटांनी त्या गार होत नाहीत.

आता गाडीचं सांगते. स्पोर्ट्स कार खाली बसलेली असते, तिच्या स्प्रिंगा कडक असतात, टायर रुंद आणि चपटे असतात. यात काहीच चुकीचं नाही. वळणावर गाडी कलू नये, स्टिअरिंग फिरवताक्षणी वळावी, म्हणून ती तशी बनवतात. पण त्याची किंमत पाठीला आणि कमरेला मोजावी लागते. टायरवर लिहिलेले आकडे वाचायला शीक. 225/40 आर 18 असं लिहिलं असेल, तर रबराची भिंत फक्त 90 मिलिमीटर उंच. 195/65 आर 15 असेल, तर ती जवळजवळ 127 मिलिमीटर. खड्ड्याचा पहिला दणका हीच भिंत खाते. ती जेवढी बुटकी, तेवढा दणका आत येतो आणि चाकाची रिम वाकण्याची भीतीही तेवढीच. तुला बोटीवरचं ठाऊक आहे. रिकामी होडी प्रत्येक लाटेवर आपटते, भरलेली होडी बसून चालते. कडक स्प्रिंगांची हलकी गाडी खडबडीत रस्त्यावर त्या रिकाम्या होडीसारखी वागते.

त्यात गतिरोधक. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा, म्हणजे चढउतार सावकाश होतो. गावागावांत लोकांनी स्वतः घातलेले उंचवटे या मापात कुठे बसतात? ते अरुंद आणि टोकदार असतात, आणि खाली बसलेल्या गाडीचं पोट त्यांवर घासतं. दोन माणसं नि सामान भरलं की गाडी आणखी खाली येते. शोरूममध्ये सांगतात ती जमिनीपासूनची उंची रिकाम्या गाडीची आहे की भरलेल्या, हे विचारून घे.

पावसाचंही बघ. रुंद टायरला पाणी बाजूला सारायला जास्त कष्ट पडतात. नक्षी झिजलेली असेल तर पाण्याच्या थरावर गाडी तरंगते आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, बाबा घरी असतात. नेमक्या त्या दिवसांत तू जास्त येतेस आणि नेमका तेव्हाच तो हायवे पाण्याने भरलेला असतो.

आणखी एक गोष्ट शोरूममध्ये कोणी आपण होऊन सांगत नाही. बऱ्याच स्पोर्ट्स गाड्यांत स्टेपनीच नसते. एकतर हवा गेल्यावरही थोडं अंतर चालणारे रन-फ्लॅट टायर असतात, नाहीतर भोक बुजवायचं रसायन आणि छोटा पंप. टायर फाटला तर रसायनाचा काही उपयोग नाही. रात्री अकराला चारोटीच्या आसपास पंक्चरवाला मिळेल, पण त्या मापाचा टायर त्याच्याकडे कुठून असणार? एकट्या बाईनं रात्री गाडी चालवावी, जरूर चालवावी. पण जिचं चाक दुसऱ्या शहरातून मागवावं लागतं, अशा गाडीतून नको.

ट्रेलरच्या रांगेत खाली बसण्याचा त्रासही वेगळाच असतो. तुला पुढचं दिसत नाही आणि ट्रकवाल्याला तू दिसत नाहीस. आणि हे ट्रेलर वाढणारच आहेत. आपल्याजवळच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 ला झालं. त्या बंदराविषयी किनाऱ्यावरच्या आपल्या माणसांचं दुःख मोठं आहे, तो विषय मी इथे काढत नाही. पण बांधकाम वाढलं की आपल्या रस्त्यांवर अवजड गाड्याही वाढणार, हे धरूनच चाल.

एवढं सगळं सांगितलं म्हणून मऊ दिसेल ती गाडी चांगली, असं समजू नकोस. आरामाच्या नावाखाली पुष्कळ फसवणूक होते. सोफ्यासारखी मऊ सीट दहा मिनिटं छान वाटते, दोन तासांनी कंबर खाली रुतते. लांबच्या प्रवासाला जराशी घट्ट सीट हवी. मांडीला गुडघ्याजवळपर्यंत आधार, कमरेच्या खळगीला आधार आणि उंची कमी-जास्त करता येणारी. स्प्रिंगाही फार ढिल्या असल्या तर गाडी हिंदकळते आणि मागे बसलेल्याला मळमळतं. तिसरी गोष्ट आवाज. दहिसर ते अच्छाड हायवेवर काँक्रीटचा थर चढवलाय, आणि काँक्रीटवर टायर जास्त घरघरतात. ती घरघर तीन-चार तास कानात गेली की माणूस नकळत थकतो. थकलेल्या माणसाचा पाय ब्रेकवर उशिरा पडतो. म्हणून लांबच्या प्रवासात आराम हा चैनीचा भाग नाही, तो सुरक्षिततेचा भाग आहे. माझं सगळं सांगणं या एका वाक्यात आलं.

पण आरामाची एक वाईट सवयही असते, ती मागच्या सीटवर लागते. 4 सप्टेंबर 2022 चा रविवार तुला आठवत असेल. उदवाड्याहून मुंबईला जाताना चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी जगातल्या उत्तम गाड्यांपैकी होती. पुढे बसलेले दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी दोघेही गेले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. त्याच पुलाच्या वाटेने आपण घरी येतो. मागच्या सीटवरही पट्टा लावणं कायद्याने सक्तीचं आहे, न लावल्यास 1,000 रुपये दंड आहे. पण दंडासाठी नको लावूस. मागचा माणूस मोकळा असला तर आदळताना तो पुढच्याच्या पाठीवर जाऊन पडतो. बाबा म्हणतील, 'अख्खं आयुष्य बोटीवर उभ्याने काढलं, मला काय होतंय?' त्यांचं ऐकू नकोस. त्यांचा पट्टा लागल्याचा आवाज आल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही.

आणि बाबा बसणार कुठे, हा प्रश्न आहेच. दोन सीटच्या गाडीत आई आली तर बाबा घरी, बाबा आले तर आई घरी. आईचे गुडघे तुला माहीत आहेत. गुडघ्याच्या खाली असलेल्या सीटवर बसायचं आणि तिथून वर उठायचं, हे तिला जमणार नाही. तिला दवाखान्यात न्यायचं तर रिक्षाच बघावी लागेल. मग सामान. पुण्याला निघताना आई सुक्या बोंबलांची पिशवी, बर्फात घातलेलं मावरं आणि घोलवडच्या चिकूंची पेटी देते. त्या लाल गाडीच्या डिकीत तुझी एक बॅग कशीबशी मावेल. मावऱ्याचा डबा मांडीवर घेऊन गाडी चालवता येत नाही.

तुझं मन मोडावं असा माझा हेतू नाही, म्हणून मधली वाटही सांगते. वेग आणि लांबचा प्रवास यांचा मेळ घालायचा प्रयत्न पूर्वीपासून चालू आहे. इटलीत 1951 साली लान्चियाची ऑरेलिया बी 20 जीटी आली, तेव्हापासून जलद पण दूरवर न थकवता नेणाऱ्या गाड्यांचा एक वर्गच तयार झाला. आपल्याकडे दोन सीटची सॅन स्टॉर्म गोव्यात बनत होती, दिलीप छाब्रियांची अवंती 2012 च्या ऑटो एक्स्पोत झळकली. दोन्ही दिसायला देखण्या, पण घरोघरी पोचल्या नाहीत. त्याऐवजी आपल्या रस्त्यांवर टिकल्या त्या रोजच्या गाडीत थोडा जोर भरलेल्या गाड्या. ह्युंदाईची आय 20 एन लाइन 2021 मध्ये आली, टाटाची अल्ट्रोझ रेसर 2024 मध्ये. दोन्हींना 120 पीएसचं टर्बो पेट्रोल इंजिन, चार दारं, डिकी, मागे माणसांना जागा. चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 18 टक्के आहे, त्याहून मोठ्या गाड्यांवर 40 टक्के. म्हणजे खिशालाही बरं. किंवा त्या पांढऱ्या सेडानचंच टर्बो इंजिनाचं मॉडेल मिळतं का बघ. ओव्हरटेक करताना जोर हवाच असतो, तो असायला माझी ना नाही.

वेगाची खरी हौस भागवायची तर ट्रॅकवर जा. कोइम्बतूरला, चेन्नईला रेसिंग ट्रॅक आहेत. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर तर 2011 ते 2013 फॉर्म्युला वन झाली. सुट्टी काढून रीतसर प्रशिक्षण घे, हेल्मेट घालून गाडी पळव. समोरून ट्रेलर येत नाही, गाय आडवी येत नाही. मी स्वतः बघायला येईन तुला.

कुठलीही गाडी घेतलीस तरी एक लक्षात ठेव, आपलं घर समुद्राला लागून आहे. खारा वारा लोखंड खातो. गाडीच्या पोटाला गंजरोधक लेप लावून घे आणि दर फेरीनंतर खालून गोड्या पाण्याने धुऊन काढ. सेकंडहँड घेत असशील तर खालचा गंज आधी बघ, रंग नंतर.

माझं मत विचारलंस, तर ते आरामशीर गाडीला. लाल गाडी पुढे कधी घरात दुसरी गाडी म्हणून आली, तर मीच तिला नारळ फोडेन. आज मात्र तुला घरी आणणारी एकच गाडी असणार आहे. तेव्हा टोकन भरण्याआधी एवढं कर. शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर दहा मिनिटांचा फेरफटका मारून निर्णय घेऊ नकोस, तासभर गाडी माग. आई-बाबांना मागे बसव, पट्टे लावायला सांग, डिकीत सामान ठेव, आणि खराब रस्त्यावरून, गतिरोधकांवरून चालव. उतरल्यावर आईला विचार, पाठ दुखते का? सुरक्षिततेसाठी दिलेले भारत एनकॅपचे तारे बघ, स्टेपनी बघ, टायरचे आकडे वाच. आणि गाडी घरी आली की दर दोन तासांनी थांबून चहा घे, उशीर झाला तरी चालेल. आम्ही जागेच असतो.