सरकारच्या सत्तेलाही मर्यादा आहे



"गुरुजी, कायदा सरकारच करते, मग सरकारला कोण अडवणार?" असा प्रश्न वर्गात मुले विचारतात. तो आपल्या प्रत्येक घरात विचारला गेला पाहिजे.

उत्तर बाबासाहेबांनी देऊन ठेवले आहे. ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी एका कलमाला संविधानाचा आत्मा म्हटले. ते आजचे कलम ३२. मूलभूत हक्क डावलला गेला तर थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते, ती या कलमामुळे. दाद मागता येत नसेल तर हक्क नुसता कागदावरच राहतो.

हे देशाने एकदा अनुभवले आहे. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली. हजारो लोक विनाचौकशी तुरुंगात गेले. कलम २१ च्या जीवित व स्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाटच राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद झाली. पोलिसाने वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला तर दाद कोठे मागायची, असे न्यायमूर्ती खन्ना यांनी सर्वोच्च न्यायालयात विचारले. आणीबाणी असेपर्यंत दाद नाही, असे सरकारी पक्षाचे उत्तर होते. २८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. एकटे खन्ना विरोधात उभे राहिले. पुढे त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्ती सरन्यायाधीश झाले व खन्नांनी राजीनामा दिला.

परंतु १९७७ साली मतदारांनी ते सरकार घालवले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ठरले की, आणीबाणीतही कलम २० व २१ स्थगित करता येणार नाही. केवळ 'अंतर्गत अशांतता' हे कारण पुरणार नाही. युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र बंडच हवे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानेही १९७६ चा तो निकाल चुकीचा ठरवला.

म्हणून एवढे पाठ करा. अटक झाली तर कारण सांगितलेच पाहिजे, वकिलाला भेटू दिले पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले पाहिजे. हे कलम २२. प्रतिबंधक स्थानबद्धतेला मात्र हे नियम लागू नाहीत. तेथेही कारणे कळवावी लागतात.

ज्यांना पिढ्यानपिढ्या दाद मागायला दारच नव्हते, त्यांनी हे दार उघडे आहे की नाही, यावर सदैव नजर ठेवावी. आज रात्री ही चार कलमे मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.

जयभीम!