स्वैर वादनाची शिस्त

बिदर व कलबुर्गी या सीमाभागात वाढणाऱ्या मुलाच्या कानांवर नाना तऱ्हेचे सूर पडत असतात. घरात अभंग, शेजारी कन्नड वचने, बाजारपेठेत दखनी बोली. आणि हुमनाबादजवळच्या माणिकनगरी दत्तजयंतीच्या उत्सवात भरणारा संगीतदरबार. श्रीमाणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) स्वतः मराठी, कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांत पदे रचिली. इतके वैविध्य ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, त्यांनी परके संगीत ऐकताच कान झाकून घ्यावेत, हे शोभत नाही.

परंतु आम्हांस येथे एक कबुली दिली पाहिजे. तीन वादकांच्या एका जॅझ मेळाचे ध्वनिमुद्रण आम्ही प्रथम ऐकले, तेव्हा आम्हांसही तो गोंगाटच वाटला. प्रत्येकजण मनास येईल ते वाजवीत आहे, असा आमचा ग्रह झाला. तो ग्रह का चुकीचा होता, हे सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम जॅझ म्हणजे काय, ते पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स नगरात, मुख्यतः गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांनी हे संगीत घडविले. त्याचा प्राण म्हणजे ‘उपज’, अर्थात त्या क्षणी सुचलेले नवे वादन. पण या उपजेला चौकट असते. ‘ब्लूज’ या प्रकाराचेच उदाहरण घ्या. त्याचे एक आवर्तन बहुधा १२ खंडांचे, व दर खंडात ४ मात्रा. म्हणजे एकूण ४८ मात्रा. कोणत्या खंडाखाली कोणता स्वरसमूह वाजावयाचा, हे आधीच ठरलेले असते. वादक कितीही दूर भटकला, तरी आवर्तन पुरे होताना त्याला घरी परतावे लागते. आपल्या गायकाला समेवर यावे लागते, तसेच हे नव्हे काय?

आता ज्या मेळाविषयी आम्ही बोलत आहो, त्याकडे वळू. १९४२ साली इंग्लंडातील डॉनकास्टर येथे जन्मलेले जॉन मॅक्लॉफ्लिन हे त्याचे प्रमुख. १९७१ साली त्यांनी ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ स्थापून जॅझ आणि रॉक यांचा संगम घडविला. पुढे ‘शक्ती’ या मेळात झाकीर हुसेन यांच्या तबल्यासह ते वाजवू लागले. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी अवघ्या तिघांचा मेळ उभा केला. गिटार त्यांची स्वतःची. खर्जाची गिटार काई एकहार्ट यांची. आणि ताल त्रिलोक गुर्टू यांचा. या तिघांची लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधील २७ नोव्हेंबर १९८९ ची मैफल ध्वनिमुद्रित झाली आहे.

मॅक्लॉफ्लिन यांच्या गिटारीस विद्युत्-यंत्राची जोड होती. तार छेडली की तिचा कंप ओळखून यंत्र त्याचे अंकांत रूपांतर करी, व ते अंक ‘सिंथेसायझर’कडे जाऊन निराळाच दीर्घ नाद उमटे. त्यामुळे एकच वादक स्वतःच्या सुरावटीमागे स्वतःच सुरांचा पडदा धरू शके.

त्रिलोक गुर्टू यांची मांडणी तर अगदी घरगुती! बैठक जमिनीवरची, हाताशी तबला, भोवती ढोल व झांजा, आणि बाजूला पाण्याने भरलेली बादली. वाजणारी धातूची थाळी ते त्या पाण्यात बुडवीत, आणि तिचा सूर सरकन खाली उतरे. यात जादू नाही. थाळीबरोबर भोवतीच्या पाण्यासही हालावे लागते. हालणाऱ्या वस्तूचे वजन जणू वाढते, कंप मंदावतात व सूर उतरतो. घरातील पितळी थाळी दोरीने टांगून तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. मात्र आईची परवानगी घेऊन!

हे त्रिलोक गुर्टू आपणांस वाटतात तितके परके नाहीत. त्यांचा जन्म १९५१ साली मुंबईस झाला, आणि त्यांच्या मातोश्री म्हणजे ठुमरीच्या विख्यात गायिका शोभा गुर्टू. शोभाताईंचा जन्म १९२५ साली बेळगावी, म्हणजे आपल्यासारख्याच सीमाभागात झाला. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर यांच्याकडून त्यांना गाण्याचा वारसा लाभला. ठुमरीत ‘बोल-बनाव’ असतो: एकाच ओळीतील एकच शब्द गायिका दहा प्रकारे आळवते, आणि दर वेळी त्यातून निराळा भाव निघतो. ही उपजच होय. ती ऐकत वाढलेल्या मुलाला जॅझचे दार परके कसे वाटावे? १९८८ साली निघालेल्या ‘उसफ्रेट’ या त्रिलोक यांच्या ध्वनिमुद्रिकेत शोभाताई स्वतः गायिल्या आहेत. मुलाने परदेशी वाट धरली, पण आईचा सूर सोडला नाही. आणि आईनेही मुलाची वाट परकी मानली नाही.

लंडनच्या त्या मैफलीतील एका रचनेचे नाव ‘मदर टंग्ज’ म्हणजे ‘मातृभाषा’ असे आहे, आणि तेही अनेकवचनी. हे नाव वाचले तेव्हा आम्ही ते ध्वनिमुद्रण पुन्हा लाविले. या वेळी एका वाद्याकडे कान न देता तिघांच्या संभाषणाकडे दिला. एकाने प्रश्न टाकावा, दुसऱ्याने तो उचलावा, तिसऱ्याने क्षणभर थांबून दोघांस वाट द्यावी; असे ते चालले होते. जो गोंगाट वाटला होता, तो संवाद निघाला. उणे होते ते आमच्या ऐकण्यात.

तिघांच्या मेळात लपावयास जागा नसते. एकाचे लक्ष ढळले तर सारी इमारत डळमळते. म्हणून ज्याला स्वैर वाजवावयाचे आहे, त्याला आधी वर्षानुवर्षे रियाज करावा लागतो, आणि वाजविताना दुसऱ्याचे ऐकावे लागते. आपल्या या बहुभाषिक प्रदेशात शेजाऱ्याशी वागण्याचाही याहून निराळा नियम आम्हांस ठाऊक नाही. आपली भाषा नीट शिकावी, ती निर्भयपणे बोलावी, आणि दुसरा बोलत असता कान उघडे ठेवावेत.