लोडची रुंदी बघ

पोरा, क्रेनवर नवा माणूस आला की सगळे त्याला एकच प्रश्न शिकवतात : लोड किती टनाचा? वळवाच्या दिवसांत त्याच्या जोडीला दुसराही विचार : लोड रुंद किती? दोन टन सळयांची मोळी वाऱ्यात जेमतेम हलते. अर्ध्या टनाचं शटरिंगचं पॅनेल मात्र शिडासारखा वारा धरतं.

हिशेब सोपा आहे. ताशी ३६ किलोमीटर वारा चौरस मीटरमागे साधारण ६ किलोचा रेटा देतो. ताशी ७२ झाला की रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. ६ बाय ३ मीटरच्या पॅनेलवर मग साडेचारशे किलो येतात. दोरी धरून उभे असलेले दोन खलाशी काय अडवणार?

वारा कुठून येतो तेही बघ. मोबाईल क्रेनच्या मागून आला तर लोड पुढे झुलतो, रेडियस वाढते आणि लोड चार्टमध्ये बसणारं वजन बसेनासं होतं. बाजूचा वारा त्याहून वाईट, कारण बूमला आडवा जोर सोसत नाही. आणि खाली बिडीचा धूर सरळ चढतोय म्हणून फसू नकोस. वरचा वारा वेगळा असतो. ऑपरेटरला मीटरचा आकडा विचार.

दुपारी उकाडा वाढला, हवा पडली, ढग काळे झाले की पत्रे, पॅनेल उचलायचे नाहीत. पाऊस नंतर येतो, गार झोत आधी.

उचललेलं असताना झोत आलाच, तर लोड फिरवायचा नाही, हाताने धरायला धावायचं नाही. जवळची मोकळी जागा बघून हळू ‘आरिया’, म्हणजे लोड खाली. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही. भिंत आणि लोड यांच्या मध्ये तर कधीच उभं राहू नकोस. पॅनेल टेकलं तरी टेकू लागेपर्यंत हुक काढू नकोस. उभं पॅनेल तसंच माणसावर पडतं.

काम थांबवल्यावर टॉवर क्रेनचा स्लूइंग ब्रेक मोकळा ठेवायचा, म्हणजे जिब वाऱ्याच्या दिशेने आपोआप वळते. नवख्यांना तीच बांधून ठेवावीशी वाटते! जिबवर जाहिरातीचे फ्लेक्स लावायची हौस मला कधीच पटली नाही. ते फुकटचा वारा धरतात. क्रॉलर क्रेनची बूम मात्र खाली घ्यायची. मक्केत ११ सप्टेंबर २०१५ ला वादळात क्रेन कोसळून शंभराहून अधिक माणसं गेली, तेव्हा क्रेन काम करत नव्हती. बूम तेवढी उभी ठेवलेली होती.

‘एवढा एकच लोड घेऊ’ असं कुणी म्हटलं तर नाही म्हण. थांबायची खूण साइटवरचा कुणीही देऊ शकतो, आणि ती कुणीही दिली तरी ऑपरेटरला पाळावीच लागते.