हातचा विसरतो, म्हणून लेकरू ‘ढ’ नाही

परभणी असो की पूर्णा, जिंतूर, गंगाखेड, आपल्या वस्त्यांत आईबापांची एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो : “पोराला समजतं, पण गणित चुकतं.” मग त्याला ‘ढ’ म्हटलं जातं. हा शिक्का बसला की शाळा सुटायला वेळ लागत नाही.

47 अधिक 38 तोंडी करून पाहा. सात आणि आठ पंधरा, पाच मांडले, हातचा एक. हा हातचा डोक्यात धरून पुढची बेरीज करावी लागते. डोक्यातल्या या जागेला कार्यस्मृती म्हणतात. मोठ्या माणसालाही तिथे एका वेळी तीन-चार गोष्टीच धरता येतात. लेकरांना त्याहून कमी.

मराठी आकड्यांनी भार आणखी वाढतो. ‘अडतीस’ म्हणताना आधी आठ, मग तीस. लिहिताना मात्र आधी तीन. म्हणून 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘तीस आठ’ अशी रीतही दिली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. टीका खूप झाली, पण लेकरांची अडचण खरी होती.

‘स्मरणशक्ती वाढवा’ म्हणणाऱ्या मोबाइलच्या खेळांवर पैसे घालवू नका. अशा सरावावरच्या अनेक अभ्यासांचा 2013 मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. मुलं त्या खेळांत तरबेज झाली, गणितात मात्र फरक दिसला नाही.

मग काय करावं? डोक्यावरचा भार हलका करावा.

• हातचा कागदावर लिहू द्या. ती चोरी नव्हे.
• रोज दहा मिनिटं पाढे म्हणून घ्या. पाठ झालेला पाढा डोक्यात जागा अडवत नाही.
• दुकानात हिशेब फोडून करायला शिकवा. 35 रुपयांची 3 किलो ज्वारी : तीस त्रिक नव्वद, पाच त्रिक पंधरा, एकूण 105.
• दटावू नका. भीती तीच जागा अडवते.
• शाळकरी लेकराला रात्री किमान नऊ तास झोप हवी.
• लेकरू फिकट दिसतं, लवकर थकतं? सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासा. रक्त कमी असलं की लक्ष टिकत नाही. शाळेत मिळणारी लोहाची गोळी चुकवू नका.

आज रात्री लेकराच्या वहीशेजारी बसा. चूक कुठे झाली ते त्यालाच शोधू द्या. बहुतेकदा सुटलेला असतो तो फक्त एक हातचा.