ताप दोघांना, मग पेशी एकाच्याच का घसरल्या?

प्रश्न : आम्ही मूळचे नंदुरबारचे. पावसाळ्यात यंत्रमागावर काम करणारा दादा आणि शेतात मजुरीला जाणारी वहिनी एकाच आठवड्यात तापाने पडले. दादाच्या प्लेटलेट चाळीस हजारांवर आल्या, वहिनीच्या जेमतेम घटल्या. असं का? हा धोका कुणाला जास्त?
– एक वाचक, चलथाण (जि. सुरत)

उत्तर : घर एक असलं तरी ताप एकच होता, असं धरून चालू नका. डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. कारखान्यातली उघडी टाकी त्याला पुरते. भाताच्या, उसाच्या शेतातल्या पाण्यात उंदीर-गुरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे (लेप्टोचे) जंतू उतरतात आणि पायाच्या भेगांतून शरीरात शिरतात. दक्षिण गुजरातेत हा आजार जुना आहे; आरोग्य खातं पावसाळ्यात शेतमजुरांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतं. लेप्टोतही पेशी घसरतात, पण जिवावर बेततं ते बहुधा मूत्रपिंड, यकृत किंवा फुप्फुसांमुळे. म्हणून पोटऱ्या ठणकत असतील, डोळे लाल असतील, तर ‘चिखलात अनवाणी उतरले होते’ हे वहिनींनी डॉक्टरांना आपणहून सांगावं.

प्लेटलेट हाडांच्या मगजात तयार होतात आणि आठ-दहा दिवस जगतात. मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख हे नेहमीचं प्रमाण. डेंगीत मगजाचं काम मंदावतं आणि तयार पेशीही नष्ट होतात. मलेरियात वाढलेली प्लीहा त्या अडकवून ठेवते. तापाशिवायही धोका असतो : रोजची दारू, यकृताचा जुना आजार, बी-१२ची कमतरता, गरोदरपण, केमोथेरपी, हेपॅरिन किंवा क्विनीनसारखी औषधं. कधी शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या पेशींवर उलटते.

आणखी एक. रक्त न गोठण्यासाठी नळीत जे रसायन असतं, त्याने काहींच्या पेशींच्या गुठळ्या होतात आणि यंत्र त्या मोजत नाही. माणूस ठणठणीत आणि आकडा भलताच कमी, असं दिसलं तर काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून घ्या.

मला काळजी वाटते ती नातेवाईक फक्त आकड्याकडे बघत बसतात याची. डेंगीत खरा धोका ताप उतरताना असतो. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी यांतलं काहीही दिसलं तर पेशी लाखभर असल्या तरी लगेच रुग्णालय गाठा. तापाला पॅरासिटामॉलच, तेही ठरलेल्या मात्रेत. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको. रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या वर सहसा प्लेटलेट चढवाव्या लागत नाहीत. चाळीस हजारांचा रिपोर्ट हातात घेऊन रक्तपेढीकडे धावू नका.