मातीचीं कबुतरें व वरखालीं नळ्यांची बंदूक

2024 सालीं पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्निल कुसाळे यानें 50 मीटर रायफलच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें, तेव्हांपासून आपल्या शाळेंतील मुलांच्या बोलण्यांत नेमबाजीचा विषय वारंवार निघूं लागला आहे. अशाच एका मुलाचे वडील मला विचारावयास आले, "सर, याला उडत्या चकत्या फोडण्याचा नाद लागला आहे. कोणती बंदूक घेऊन देऊं ?"

माझें पहिलें उत्तर असें होतें कीं, तूर्त कोणतीच नाहीं. आपल्या देशांत 1959 च्या शस्त्रकायद्याप्रमाणें 21 वर्षें पूर्ण झाल्यावांचून कोणालाहि स्वतःची बंदूक बाळगतां येत नाहीं. नियमांनीं घालून दिलेल्या अटींवर, शिकण्यापुरती, ती वापरतां येते. तोंपर्यंत मुलानें नेमबाजी-मंडळाची बंदूक वापरावी. परंतु निवड कशी करावी हें आजच समजून घेणें अगत्याचें आहे. कारण बेताल मापाच्या बंदुकीनें जडलेली खोड पुढें योग्य बंदूक हातीं आल्यावरहि लवकर सुटत नाहीं. मीं स्वतः ती किंमत मोजलेली आहे.

आधीं खेळ कसा आहे तें पाहूं. रायफलीचें लक्ष्य जागचें हालत नाहीं. येथील लक्ष्य पळतें. पूर्वीं या खेळांत जिवंत कबुतरें सोडून मारीत असत, व 1900 सालच्या पॅरिसच्या सामन्यांतहि तसें घडलें. पुढें कांचेचे गोळे आले; आणि 1880 च्या सुमारास अमेरिकेंतील सिनसिनाटीच्या लिगोव्स्की नांवाच्या गृहस्थानें मातीची चकती काढली. आजच्या चकतींत माती मुळींच नसते. ती डांबरासारखा पदार्थ व चुनखडीची भुकटी यांची असून 110 मिलिमीटर रुंद व सुमारें 105 ग्रॅम वजनाची असते. नांव मात्र मातीचें राहिलें आहे ! 'ट्रॅप' या प्रकारांत नेमबाजापुढें 15 मीटरांवर असलेल्या खंदकांतून ती दूर उडत जाते, व बंदूक आधींच खांद्याला लावलेली असते. 'स्कीट' मध्यें ती बाजूंच्या दोन घरांतून आडवी येते, आणि ती दिसेपर्यंत बंदूक कमरेजवळ धरावी लागते.

या दोन्ही प्रकारांत एकावर एक नळ्या असलेली दुनळी बहुतेक सर्वांच्या हातीं दिसते. आपल्याकडील जुन्या शिकारी घराण्यांत शेजारीं-शेजारीं नळ्यांची दुनळी असे. वरखालीं नळ्या असल्यानें डोळ्यापुढें एकच अरुंद पट्टी राहते व लक्ष्य झांकलें जात नाहीं. शिवाय खालची नळी खांद्याच्या रेषेच्या जवळ असल्यामुळें तिचा बार प्रथम काढला तर तोंड कमी उसळतें, आणि दुसरा बार लवकर साधतो. अमेरिकन शिल्पी जॉन ब्राउनिंग हा अशा बंदुकीवर काम करीत असतां 1926 सालीं बेल्जममध्यें वारला. त्याचा मुलगा व्हॅल यानें तें काम पुरें केलें, व 1931 पासून ती बंदूक विकली जाऊं लागली. पण माझ्या मतें तिचा थोर गुण निराळाच आहे. ती मध्यें मोडून उघडली कीं दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हें दहा पावलांवरच्या माणसालाहि दिसतें. बार काढण्याची पाळी येईपर्यंत ती उघडीच ठेवावयाची असते.

आतां वजन. पुष्कळांना वाटतें कीं, मुलाला हलकी बंदूक बरी. न्यूटनचा नियम वेगळें सांगतो. 24 ग्रॅम छर्रे सेकंदास 400 मीटर वेगानें सुटले, तर 3.6 किलोग्रॅमची बंदूक सुमारें 2.7 मीटर वेगानें मागें येईल, व 2.7 किलोग्रॅमची सुमारें 3.6 मीटर वेगानें. वायूंचा धक्का यांत धरलेला नाहीं. म्हणजे हलकी बंदूक खांद्यावर अधिक जोरानें आदळते. मग मूल चाप ओढण्यापूर्वींच डोळे मिटूं लागतें. जड बंदूक डळमळत नाहीं, हाहि फायदा. मात्र जी पंचवीस बारांपर्यंत हातांत पेलत नाहीं ती कामाची नव्हे.

ट्रॅपसाठीं नळी 30 ते 32 इंच लांब व तिचें तोंड आवळलेलें असावें, म्हणजे छर्रे दूरवर एकत्र राहतात. चकती वर चढत जात असल्यामुळें अशा बंदुकीचे छर्रे नेमाच्या किंचित् वर जातील अशी योजनाहि असते. स्कीटमध्यें चकती जवळ फुटते. तेथें तोंड मोकळें हवें. तोंडाचे तुकडे बदलतां येणाऱ्या बंदुका मिळतात, त्या नवशिक्यास सोयीच्या.

परंतु सर्वांत मुख्य गोष्ट दस्ता होय. या बंदुकीला मागचें लक्ष्यसूचक नसतें. नेमबाजाचा डोळा हेंच तिचें मागचें टोंक. दस्ता आंखूड, लांब, उंच वा सखल असला तर डोळा जागेवर राहत नाहीं. मीं तरुणपणीं एक नक्षीदार बंदूक केवळ नक्षीला भुलून घेतली. तिचा दस्ता मला लांब होता. बंदूक उचलतांना तो बगलेंत अडके, गालावर निळा डाग उठे, आणि चकती शाबूत निघून जाई. दोन हंगाम मी दोष स्वतःच्या हाताला देत राहिलों. शेवटीं एका कारागिरानें दस्ता जेमतेम पाऊण इंच कापला, आणि बगलेंतील ती अडचण त्याच दिवशीं संपली. वाढत्या मुलासाठीं मागें पट्ट्या घालून लांबी वाढवितां येईल असा दस्ता पाहावा. परीक्षा सोपी आहे : बंदूक रिकामी असल्याची दोनदां खात्री करून, डोळे मिटून ती खांद्याला लावावी व मग डोळे उघडावे. नजर पट्टीच्या मधोमध पडली तर माप जमलें.

त्याआधीं कोणता डोळा प्रबळ आहे तें पाहावें. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खांबावर बोट रोखावें व एकेक डोळा मिटावा. जो उघडा असतां बोट खांबावरून ढळत नाहीं तो प्रबळ. त्या मुलाची ही परीक्षा मीं शाळेच्या ओट्यावरच घेतली. तो उजव्या हातानें लिहितो, पण डोळा डावा निघाला. वडिलांनीं मनांत धरलेल्या बंदुकीचा दस्ता उजव्या खांद्यासाठीं किंचित् बाहेर वांकविलेला होता. ती त्यांनीं घेतली नाहीं. मुलगा हल्लीं मंडळाच्या सरळ दस्त्याच्या बंदुकीनें, डाव्या खांद्यावरून शिकत आहे. गेल्या रविवारीं 25 पैकीं 9 चकत्या फुटल्या.