पावणेवीस तासांत न मावलेला हॅरी पॉटर

हॅरी पॉटरवर टीव्ही मालिका येणार हे कळल्यापासून आमच्या हॉस्टेलमध्ये सरळ दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो, "आता तरी पुस्तकातलं सगळं दाखवतील." दुसरा म्हणतो, "चित्रपट चांगले होते की, परत कशाला?" मेसमध्ये या विषयावर पोळ्या गार होईपर्यंत भांडणं होतात. पण दोन्ही बाजूंनी आकडे कोणीच मांडत नाही, आणि इंजिनिअर म्हणवून घेणाऱ्यांना हे शोभत नाही! म्हणून हा छोटासा अभ्यास.

आधी माहिती. सात पुस्तकं १९९७ ते २००७ या काळात आली. आठ चित्रपट २००१ ते २०११ या काळात आले. नव्या मालिकेची घोषणा एचबीओने एप्रिल २०२३ मध्ये केली. लेखनाची मुख्य जबाबदारी फ्रान्सेस्का गार्डिनर यांच्याकडे आहे, आणि मार्क मायलॉड हे प्रमुख दिग्दर्शक आहेत. तीन मुख्य भूमिकांसाठी ३० हजारांहून जास्त मुलांनी ऑडिशन दिली. त्यातून डॉमिनिक मॅकलॉफलिन, अराबेला स्टॅन्टन आणि अ‍ॅलिस्टर स्टाउट निवडले गेले. जुलै २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या लीव्हस्डेन स्टुडिओत चित्रीकरण सुरू झालं. जुने चित्रपटही तिथेच तयार झाले होते.

१) आधी गणित

आठ चित्रपटांची एकूण लांबी ११७९ मिनिटं, म्हणजे साधारण पावणेवीस तास. सात पुस्तकांत मिळून सुमारे १० लाख ८४ हजार शब्द. भागाकार केला तर दर हजार शब्दांना जेमतेम एक मिनिट. आता सरासरी फसवी असते हे आपण स्टॅटिस्टिक्समध्ये शिकलोच आहोत, म्हणून एकेक पुस्तक घेऊ.

पहिलं पुस्तक सुमारे ७७ हजार शब्दांचं, चित्रपट १५२ मिनिटांचा. हजार शब्दांना दोन मिनिटं. तिसरं १ लाख ७ हजार शब्दांचं, चित्रपट १४२ मिनिटांचा. हजाराला सव्वा मिनिटाच्या थोडं वर. आणि पाचवं? सगळ्यात जाड, सुमारे २ लाख ५७ हजार शब्द. चित्रपट फक्त १३८ मिनिटांचा. हजार शब्दांना अर्धं मिनिट! म्हणजे पुस्तकं फुगत गेली आणि चित्रपट तेवढेच राहिले. पहिले दोन चित्रपट पुस्तकासारखे वाटतात आणि पाचवा धावत सुटल्यासारखा वाटतो, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे. दिग्दर्शकाला दोष देण्याआधी हा भागाकार बघावा.

२) काय गेलं?

पीव्ह्ज हे खोडकर भूत गेलं. (त्याची भूमिका रिक मेयल यांनी केली होती, पण ती पहिल्या चित्रपटातून कापली गेली.) घरकाम करणाऱ्या एल्फ लोकांच्या हक्कांसाठी हर्मायनी जी चळवळ काढते, ती पूर्ण गेली. चोरनकाशा बनवणारे चौघे कोण, हे तिसऱ्या चित्रपटात कोणी सांगतच नाही. सहाव्या पुस्तकातला व्होल्डेमॉर्टच्या आजोळचा भाग गेला.

पण मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट छोटीशी आहे. पाचव्या पुस्तकात नाताळच्या सुट्टीत हॅरी आणि त्याचे मित्र हॉस्पिटलमध्ये जातात आणि तिथे अचानक नेव्हिल भेटतो, आजीबरोबर. त्याचे आईवडील तिथे कायमचे अ‍ॅडमिट आहेत. छळामुळे दोघांची बुद्धी गेली आहे, ते मुलालाही ओळखत नाहीत. आई हळूहळू चालत येते आणि नेव्हिलच्या हातात काहीतरी ठेवते. च्युइंगगमचं रिकामं वेष्टन. आजी म्हणते, कचऱ्यात टाक, अशी किती दिली तिने. नेव्हिल निघतो, आणि हॅरीला दिसतं की त्याने ते वेष्टन गुपचूप खिशात ठेवलं.

चित्रपटात हे नाही. तिथे नेव्हिल आईवडिलांबद्दल दोन-चार वाक्यं बोलतो, बस. पटकथाकाराच्या बाजूने विचार केला तर त्याचं बरोबरच आहे. या प्रसंगाने कथानक एक इंचही पुढे सरकत नाही. अर्धं मिनिट बजेट असेल तर पहिला हाच कापला जाणार. पण शेवटच्या पुस्तकात नेव्हिल उभा राहतो तेव्हा आपल्या अंगावर काटा येतो, तो या खिशातल्या कागदामुळे. टीव्हीकडे मागायचं असेल तर मी हे मागीन. ड्रॅगन मोठा केला नाही तरी चालेल.

३) नुसतं कमी नाही, वेगळंच दिसतं

सिग्नल्सच्या पहिल्याच युनिटमध्ये एक गोष्ट शिकवतात. सिग्नलचे नमुने फार विरळ घेतले तर माहिती नुसती कमी होत नाही, एक खोटाच सिग्नल दिसायला लागतो. याला एलिअसिंग म्हणतात. (व्हायवाला हमखास विचारतात!) चित्रपटांत रॉनचं नेमकं हेच झालं.

तिसऱ्या पुस्तकात पाय मोडलेला रॉन कसाबसा उभा राहतो आणि खुनी समजल्या जाणाऱ्या माणसाला सांगतो की हॅरीला मारायचं तर आधी आम्हाला मारावं लागेल. चित्रपटात हे हर्मायनी म्हणते. पहिल्या पुस्तकात वेलीच्या विळख्यात सापडल्यावर हर्मायनी गोंधळते, जाळायला लाकूड शोधत बसते आणि रॉन ओरडून तिला आठवण करून देतो की तू जादूगार आहेस ना! चित्रपटात ती शांत आणि तो घाबरलेला. असे दोन-चार नमुने इकडचे तिकडे झाले की चित्रपट पाहिलेल्यांना वाटतं, रॉन म्हणजे नुसता विनोदी मित्र. हर्मायनीचंही नुकसानच झालं, कारण तिच्यातली चुकणारी, गोंधळणारी मुलगी गेली आणि नुसती हुशारी उरली.

४) मग टीव्हीने प्रश्न सुटला?

तिथेच गंमत आहे. समजा पहिल्या पुस्तकाला आठ तास दिले, म्हणजे ४८० मिनिटं. हजार शब्दांना सहा मिनिटांच्या वर! आता तुलना बघा. 'द हॉबिट' हे साधारण ९५ हजार शब्दांचं पुस्तक. त्याचे २०१२ ते २०१४ मध्ये तीन चित्रपट काढले, एकूण ४७४ मिनिटांचे. हजाराला पाच मिनिटं. आणि पुष्कळ प्रेक्षकांची तक्रार काय होती? ताणलंय! त्याच दिग्दर्शकाने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हजाराला सव्वा मिनिटाच्या आसपास बसवलं होतं आणि ते लोकांनी डोक्यावर घेतलं. म्हणजे जास्त वेळ मिळाला की काम चांगलं होतंच, असं नाही. (सबमिशनला मुदतवाढ मिळाल्यावर आपण काय करतो ते आठवा.)

जास्तीचा वेळ भरायला सोपा मार्ग एकच: जे पुस्तकात पडद्यामागे घडतं ते दाखवायचं. शिक्षकांच्या खोल्या, मॅलफॉयचं घर, मंत्रालय. पण इथे मोठा धोका आहे. काही प्रकरणं सोडली तर सगळी गोष्ट आपण हॅरीच्या डोळ्यांनी बघतो. त्याला जे कळत नाही ते आपल्यालाही कळत नाही. स्नेपचं सगळं रहस्य यावर उभं आहे. क्विडिचच्या सामन्यात स्नेप काहीतरी पुटपुटतोय, एवढंच दिसतं. हॅरी समजतो शाप देतोय, आपणही तेच समजतो. आता कॅमेरा स्नेपच्या खोलीत एकटा शिरला तर काय दाखवणार? खरं दाखवलं तर सात पुस्तकांचं रहस्य फुटलं. खोटं दाखवलं तर ती फसवणूक. मला विचाराल तर मालिकेची खरी परीक्षा इथे आहे.

एक फायदा मात्र नक्की आहे. २००१ चा चित्रपट तयार होत होता तेव्हा फक्त चारच पुस्तकं आली होती. शेवट पटकथाकारालाही माहीत नव्हता. आता सातही समोर आहेत, तेव्हा पहिल्या भागात पेरलेलं शेवटच्या भागात उगवू शकतं. 'गेम ऑफ थ्रोन्स' ला हे मिळालं नाही. ती मालिका २०११ मध्ये सुरू झाली, २०१९ मध्ये संपली, आणि ज्या पुस्तकांवर ती होती ती मात्र पूर्ण झालीच नाहीत. शेवटचे सीझन लोकांना का खटकले, याचं एक उत्तर त्यात आहे.

५) दोन व्यावहारिक अडचणी

पहिली, वय. मुलं वाढतात! गोष्टीतला हॅरी अकरा ते सतरा वर्षांचा. एका सीझनला दोन-दोन वर्षं लागली तर अकरावर्षीय हॅरी शेवटी पंचविशीत पोचेल. 'स्ट्रेंजर थिंग्ज' मध्ये गोष्ट १९८३ ते १९८७ ची, पण मालिका २०१६ ते २०२५ चालली, आणि ते दिसतं. दुसरी, पूर्ण होण्याची खात्री. 'व्हील ऑफ टाइम' ही १४ खंडांची कादंबरीमाला. तिची मालिका २०२१ मध्ये सुरू झाली आणि तीन सीझननंतर २०२५ मध्ये बंद पडली. उलट 'हिज डार्क मटेरियल्स' चं उदाहरण धीर देणारं आहे. २००७ चा चित्रपट पहिल्या पुस्तकावरच थांबला, पण २०१९ ते २०२२ च्या मालिकेने तिन्ही पुस्तकं पूर्ण केली.

हेही नमूद करायला हवं की लेखिका जे. के. रोलिंग यांच्या ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयीच्या मतांमुळे अनेक जुने वाचक या मालिकेपासून दूर राहणार आहेत. तो निर्णय ज्याने त्याने घ्यायचा.

६) आपण काय करायचं?

कोणी म्हणेल, पुस्तक जसंच्या तसं पाहिजे. पण माध्यम बदललं की बदल होतोच. पहिल्या पुस्तकाचं मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. मूळ इंग्रजी दगडातून सोनंही होतं आणि अमर करणारं औषधही निघतं. आपल्या परीसाला फक्त सोनं करणं माहीत. तरी मराठी वाचणाऱ्या मुलाला 'परीस' म्हटल्याबरोबर जे जाणवतं, ते माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला इंग्रजी नाव वाचून जाणवलं नव्हतं. थोडं गेलं, थोडं मिळालं. म्हणून मालिका बघताना किती बदललं हे मोजत बसण्यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत: जे बदललं त्याने माणसं खोटी झाली का? जास्तीचा वेळ माणसांना मिळाला की नुसत्या देखाव्याला? आणि हॅरीला माहीत नसलेलं आपल्याला उगाच सांगितलं का?

माझा धाकटा भाऊ सातवीत आहे. त्याने पुस्तकं वाचलेली नाहीत आणि मालिका आली की तो आधी तीच बघणार. आपल्या मनातला हॉगवॉर्ट्स आपण स्वतः बांधलाय, निदान थोडा तरी. त्याला तो तयार मिळेल. म्हणून मी ठरवलंय, रोज जेवणानंतर फोनवर त्याला एक प्रकरण वाचून दाखवायचं. पहिल्या पुस्तकात १७ प्रकरणं आहेत, म्हणजे १७ रात्री. तुमच्याही घरी असा कोणी असेल तर आजच सुरुवात करा. पीएलच्या आधी आरामात संपेल!